भिववलेला घेवडा

सेर्रेता, तेर्सेरा बेट
२ मार्च १९९४

प्रिय लिओनेल,

तिकडे फॉल रिव्हरला तुम्ही सगळे खुशाल असालच. दर फोनला फक्त बर्फाची तक्रार करतोस, म्हणजे दुसरं रडण्यासारखं काही नसणार. इथे आम्ही ठीक. गाय व्यायली. पाद्रीबुवांचा अंगठा पुन्हा सुजलाय, त्यामुळे प्रवचनं आटोपशीर झालीत आणि गाव समाधानी आहे. तू पाठवलेला विजेचा कुकर पोचला. त्याची पिन आपल्या भिंतीत जात नाही. सध्या त्यात कांदे ठेवलेत.

आता घेवड्याचं. मागच्या वेळी मी फोनवर नुसतं "घेवडा शिजत नाही" म्हणाले, तर तू मला धडाच दिलास. घेवडा जुना असेल, पाणी जड असेल, मीठ आधी पडलं असेल. बाबा रे, तू इतकी वर्षं डब्यातला घेवडा खातोस आणि मला शिकवतोस? घेवडा शेजारच्या एर्मेलिंदाच्या परसातला, यंदाचा. पाणी तेच, जे पिऊन तू एवढा शहाणा झालास. एर्मेलिंदा म्हणते, "चंद्र बघून तोडला नसेल." तिचा नवरा म्हणतो, "सोडा टाक." टाकला. आईनं वास घेतला, अख्खा टोप डुकरापुढे ओतला आणि वर डुकराची माफी मागितली.

कार्निव्हलच्या रविवारी हे शेजारचे नवराबायको आपल्याकडे जेवायला होते. कांदा, लसूण, लाल मिरचीचं वाटण परतून तयार. धुरावलेलं सॉसेज तळून तयार. तमालपत्राचा वास रस्त्यापर्यंत. आणि सकाळपासून चुलीवर असलेला घेवडा? एर्मेलिंदाच्या नवऱ्यानं एक दाणा दाढेखाली धरला, बाहेर काढला, निरखला. "बेल्मिरा, घेवडा आहे की जपमाळ?" सगळे हसले. सर्वांत जास्त आई हसली. आम्ही पावाशी सॉसेज खाल्लं.

इथपर्यंत तुला सांगायला सोपं आहे.

घेवडा भिववणं तुला आठवतं ना? उकळी आली की आई वरून पेलाभर गार पाणी ओतायची. उकळी बसली पाहिजे, दाणा दचकला पाहिजे, म्हणजे साल फाटत नाही. ती ओरडायची, "घाबरा, मेल्यांनो!" आणि आपण दोघं टेबलाखालून ओरडायचो. तीनदा भिववायचं. मग मात्र त्याला कुणी हात लावायचा नाही, बिचाऱ्याला शांतपणे शिजू द्यायचं.

त्या रविवारी मी लसूण सोलत बसले होते. आईनं घेवडा भिववला. धुणं वाळत घालायला गेली. परत आली, टोपाकडे पाहिलं. "अगं, अजून भिववला नाहीस?" पेला ओतला. अंगणात गेली, परत आली. "अगं, अजून भिववला नाहीस?" उकळी फुटायची खोटी, की गार पाणी. मी पेला लपवला, तर तिनं डावानं पाणी ओतलं.

"आई, झालं भिववून."

"कुणी भिववला?"

"तू."

"मी? मी तर आत्ता येतेय!" आणि असं बघितलं माझ्याकडे, जसं ती आयुष्यभर अंडीवालीकडे बघत आलीय. मी लबाड बाई.

तर घेवडा उत्तम आहे, लिओनेल. पाणीही उत्तम आहे.

तुला हे पटणार नाही, कारण फोनवर ती झकास असते. तुझ्या बायकोचा, सुझीचा गुडघा विचारते, तुला टोमणे मारते, हसवते. फोन ठेवते आणि मला विचारते, "कोण होतं?" मी सांगते. "मग मला का नाही दिलास?" डॉक्टर म्हणाले, वयोमान. एवढं सांगायला ते लिस्बनला शिकायला गेले होते.

आणि इथे तू तिचं एकटीचं बॉस्टनचं तिकीट पाठवतोस. तुझ्या लेकीचं, मॅडलिनचं लग्न, तिथल्या आपल्या लोकांच्या क्लबचं स्वयंपाकघर, दोनशे पाहुणे आणि आजीच्या हातचा घेवडा! मी फोनवर टाळाटाळ केली तर सुझी मागून म्हणते, "बेल्मिराला आई सोडवत नाही." ऐकलं मी. अटलांटिक एवढा मोठा, पण बोलणं बरोबर पोचतं.

एकच युक्ती चालली, तीही सांगते. काल मी एर्मेलिंदाकडे जाऊन घेवडा शिजवला आणि टोप उचलून घरी आणला. आईनं चमचाभर खाल्ला.

"छान शिजलाय. कुणी केला?"

"मी."

"जा गं! तुला घेवडासुद्धा भीत नाही."

आम्ही दोघी हसलो. तिनं दोन ताटल्या खाल्ल्या, किती दिवसांनी. मग तिसरी वाढून, झाकण घालून बाजूला ठेवायला लावली. "लिओनेल शाळेतून येईल. भुकेला असेल."

ठेवली. काय करणार?

तिकीट या पाकिटात परत घातलंय. ते बदलून घे आणि तू ये. ऑगस्टमध्ये बैलांच्या खेळाला येतोस तसं नको, बायकापोरांना घेऊन, कॅमेरा लटकवून. एकटा ये, लग्नाच्या आधी ये, आणि तिच्या स्वयंपाकघरात एक अख्खी सकाळ बस. मग सुझीला काय सांगायचं ते सांग. मी एकटीनं हे बघून बघून कंटाळलेय, आणि कुणी साक्षीदार नसला की खरं बोलणारी बाईच भांडकुदळ ठरते.

पत्र मिळालं की तू लगेच फोन करशील. आई शेजारीच बसलेली असेल, रिसीव्हरला कान लावून. मी म्हणेन, "इथे सगळं ठीक आहे."

विश्वास ठेवू नकोस.

तुझी बहीण,
बेल्मिरा