मुंगीला कुठं कुठं न्यायचं

प्रिय बारक्या,

तुझं पत्र मिळालं. एकदा कामावर वाचलं, एकदा घरी, आणि मग मिस्त्रींना मोठ्यानं वाचून दाखवलं. नवऱ्याला मिस्त्री काय म्हणतेस असं तू मला चिडवायचास, पण बस डेपोतले सगळे त्यांना तेच म्हणतात, माझ्याही तोंडात तेच बसलंय. ऐकून ते उठले आणि नळाचा वॉशर बदलत बसले. नळ गळत नव्हता. त्यांचं मन ठिकाणावर नसलं की घरातलं काहीतरी खोलून ठेवतात, मग ते बिघडलेलं असो की नसो. तू लिहिलंस, पुढच्या महिन्यात सुटका नक्की झाली, चांगल्या वागणुकीमुळे शिक्षा कमी झाली. आनंद झाला. खरंच झाला रे, पाठचा भाऊ आहेस. मग पुढं लिहिलंस, मित्रानं एक खोली बघून ठेवलीय, मुंगीला तिकडे घेऊन जाणार. एकदम नाही, आधी आठवडाभर तिला हिंडवणार, खेळवणार, ओळख होऊ देणार, आणि मग बापलेक आपल्या घरी. तेव्हा ताई, साडेचार वर्षांच्या पोरीला घेऊन जाण्यासारखी गावात काय काय ठिकाणं आहेत ते सविस्तर कळव. तुरुंगात बसून सहलीचा बेत! मला हसू आलं. तर कळवते, सविस्तरच कळवते. तिथले साहेब पत्रं आधी उघडून वाचतात म्हणे. वाचू देत, त्यांनाही पोरंबाळं असतील.

सगळ्यात आधी डेपो. रविवारी सकाळी तिथं बसगाड्या धुतात. माणसाएवढे गोल ब्रश दोन्ही बाजूंनी गरगरत येतात. आपण गाडीत बसायचं, खिडक्या लावून घ्यायच्या. साबणाचं पाणी काचांवर आपटतं, आत अंधार होतो, मुंगी माझ्या गळ्याला मिठी मारून किंचाळते आणि गाडी बाहेर आली रे आली की म्हणते, परत! नियमात बसत नाही, पण मिस्त्रींच्या मुंगीला तिथं नाही म्हणायची कुणाची छाती आहे? एक म्हातारा ड्रायव्हर आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो. ती नाकापर्यंत त्या टोपीत बुडते आणि तशीच आंधळ्यासारखी चाचपडत सगळ्यांची तिकिटं तपासत फिरते. फक्त खिडकी एकही उघडी ठेवू नकोस. मागं मी एक विसरले आणि आम्ही दोघी साबणासकट धुऊन निघालो. इतकी वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुतेय, पण स्वतः धुतली जायची ती पहिलीच खेप. मिस्त्री हसून हसून खाली बसले.

तळ्यावर ने. जाताना पाव घे, दोन घे, कारण बदकांना ती नुसता दाखवते आणि स्वतःच खाते. त्यात एक मोठं पांढरं बदक आहे, उगाचच सगळ्यांच्या अंगावर ओरडत धावतं. त्याचं नाव तिनं ‘बाई’ ठेवलंय, बालवाडीच्या बाईंवरून. हे बाईंसमोर बोलू नकोस. मी बोलून बसलेय, अजून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत. बंबवाल्यांकडे दुपारी जा, सकाळी त्यांची कवायत असते. तिथं पोट सुटलेला एक जवान आहे, तो तिला हेल्मेट घालतो आणि पाइपाचं तोंड धरू देतो. ती त्याला दर वेळी विचारते, आज आग का नाही लागली? तो म्हणतो, राहून गेली बघ, उद्या बघू. मोठ्या दुकानातला सरकता जिनाही तिला फार आवडतो. काही घ्यायचं नाही, नुसतं वर जायचं, खाली यायचं. दारावरचा वॉचमन आधी डोळे वटारायचा, आता ती दिसली नाही तर चौकशी करतो. जिन्यावर पाय ठेवताना तिला बोट दे. हात धरायला गेलास तर झटकून टाकते, बोट दिलंस तर सोडत नाही. हे मला कळायला बरेच दिवस लागले, तुला आयतं सांगतेय.

पण मोटारीनं नेऊ नकोस. टॅक्सी नको, मित्राची गाडी नको, दोन मिनिटांचा रस्ता असला तरी नको. मागच्या वर्षी तिला ताप होता, बस मिळेना, म्हणून मी टॅक्सी केली. मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं, आणि पोर लाकडासारखी ताठ झाली. रडली नाही, ओरडली नाही. डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर. सगळी ओली झाली आणि तिला ते कळलंही नाही. मी टॅक्सी थांबवून तिला उचलून घेतलं आणि उरलेला रस्ता चालत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अपघात झाला तेव्हा ती अकरा महिन्यांची होती, तिला काही आठवत नसणार. नसेल आठवत. पण तिच्या अंगाला काहीतरी माहीत आहे, बारक्या. तू त्या रात्री आमच्याकडून निघालास तेव्हा दारात मी तुझ्याकडे चाव्या मागितल्या होत्या. तू हसलास, म्हणालास, ताई, रस्ता माझा पाठ आहे, डोळे मिटून जाईन. तोंडाला वास येत होता. तुझी बायको मागं मुंगीला बसवून पुढं येऊन बसली, मला म्हणाली, जाऊ द्या हो, हळू चालवतील. तुझा खांदा मोडला, मुंगीला ओरखडाही नाही, आणि तुझी बायको गेली. कोर्टात तू गुन्हा कबूल केलास, वकिलाला खोटं बोलू दिलं नाहीस. त्याबद्दल मी तुला मानते. त्या रात्रीचा राग काही त्यानं जात नाही.

तुझी बायको व्हायच्या आधी ती माझी जोडीदारीण होती, हे तू विसरला असशील, मी नाही विसरले. आमच्या कामात चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. इस्त्रीच्या रुळातून चादर गरम बाहेर येते, दोघींनी दोन टोकं पकडायची, झटका द्यायचा, एकमेकींकडे चालत यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागं सरायचं. दिवसभर हेच. दिवसभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत काम करायचं म्हणजे काय काय बोलणं होत असेल विचार कर. सासू, नवरा, पाळी, सिनेमा, सगळं. माझा धाकटा भाऊ बघ, वेडा आहे पण मनानं चांगला आहे, असं मीच तिला चादरीच्या त्या टोकाला सांगितलं होतं. ती गेल्यावर नवी मुलगी आली. चांगली आहे बिचारी, पण तिचा झटका उजवीकडे जातो, माझा डावीकडे. अजून कधी कधी चादर आमच्या हातातून सुटते आणि जमिनीवर पडते आणि परत धुवायला जाते. मुकादम ओरडतो. ओरडू दे.

हां, वाचनालय राहिलं. शनिवारी संध्याकाळी तिथं लहान मुलांना गोष्ट सांगतात, सतरंजी घालून. मुंगीला गोष्टीपेक्षा गोष्ट सांगणाऱ्या बाईंचा चष्मा जास्त आवडतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ती अजून मला आत्या म्हणायची. त्या बाई सहज म्हणाल्या, चला, सगळ्यांनी आपापल्या आईच्या मांडीवर बसा बघू. बाकीची पोरं टपाटप बसली. ही सतरंजीच्या मधोमध उभी. एकेका मांडीकडे बघितलं, सगळ्या भरलेल्या. मग माझ्याकडे बघितलं, आली आणि बसली. घरी जाताना रस्ता ओलांडायला थांबलो तर माझं बोट ओढून म्हणाली, आई, चल ना, गाड्या थांबल्या. तोंडून चुकून गेलं असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी डेपोत मिस्त्री एका गाडीखाली झोपून काम करत होते, ही वाकली आणि खालच्या अंधारात हाक मारली, बाबा, बाहेर या. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आई असली की बाबा असतो, एवढा साधा विचार. मिस्त्रींना बाहेर यायला फार वेळ लागला. आम्ही दोघांनी त्या दिवशीही तिला दुरुस्त केलं नाही, त्यानंतरही नाही.

तूच लिहिलं होतंस, मुंगीला इथं भेटीला आणू नकोस, तिनं मला गजाआड बघायला नको. मी नाही आणलं. मग तिला तू ठाऊक कसा असणार? तुम्हा नवराबायकोचा तो एक फोटो मी कपाटावर उंच ठेवला होता, मलाच बघवत नव्हता म्हणून. एक दिवस ही स्टुलावर चढली आणि तो काढून घेऊन आली. मी भांडी घासत होते. हा कोण, तिनं विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ. खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे माझा मामा! आईचा भाऊ मामा, हे बालवाडीत पाठ करून घेतलंय मुलांकडून. मी तोंड उघडेपर्यंत तिनं शेजारी बोट ठेवलं आणि म्हणाली, मग ही मामी. बारक्या, तिच्या आईचेच डोळे आहेत रे तिला, तसेच टपोरे. त्या डोळ्यांनी तिनं स्वतःच्या आईकडे बघितलं आणि म्हणाली, मामी छान आहे. आता रोज बालवाडीला निघताना ती फोटोतल्या मामीला टाटा करते. मामा लांब गेलाय, मोठ्या जहाजावर असतो, हे तिचं तिनंच ठरवलंय. बंबवाल्याला सांगून आलीय.

आता तुला वाटेल, ताईच्या पदरी मूल नाही, म्हणून ती आपली पोर लाटायला बघतेय. वाट्टेल ते समज. थोडं खरंही आहे, मी काही देवी नाही. ती झोपेत कूस बदलते तेव्हा मला जाग येते, ती तापली की मिस्त्रींच्या हातातला पाना पडतो. तुझ्या खोलीवर ती गेली तर हे घर कसं राहील याचा विचार मी करत नाही, केला तर काम होणार नाही. पण माझं सोड. बाप म्हणून तिच्यासमोर उभा राहिलास तर ती पहिल्या दिवशीच विचारेल, मग माझी आई कोण? फोटोतली मामी, असं म्हणशील. मग विचारेल, ती कुठं आहे? पोर हुशार आहे, एका उत्तरावर थांबत नाही. काय झालं तिला, गाडी कोण चालवत होतं, इथपर्यंत ती येणार, आज नाहीतर दोन वर्षांनी. आणि तोवर तुझ्याशिवाय तिचं दुसरं कुणी नसणार, तुझ्या त्या एका खोलीत. तू वाईट माणूस नाहीस. पण हे ऐकल्यावर ती तुझं बोट धरेल की नाही हे मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही.

म्हणून लिहितेय. ठिकाणं विचारलीस, ठिकाणं सांगितली, सगळीकडे घेऊन जा, रोज ने. पण मामा म्हणून ने, बारक्या. मामाला पोरी जीव लावतात. मामाकडे हट्ट करतात, मामा उशिरा आला तर रुसतात, आणि मामाला कधी कुणी विचारत नाही, आई कुठं आहे म्हणून. ती मोठी झाली की तिला खरं सांगू, आपण दोघं मिळून सांगू, मी तुझ्या शेजारी बसेन. आत्ता नको. हक्क तुझा आहे. कायदा, रक्त, सगळं तुझ्या बाजूनं आहे, आणि तू नाही म्हणालास तर मी भांडणार नाही, तिचे कपडे पिशवीत भरून देईन. तुझ्या बायकोचं मूल आहे ते, त्याच्यावरून मी दारात तमाशा करणार नाही. सुटलास की सरळ इकडे ये, जेवायला ये. हल्ली आमचं दार तीच उघडते, दुसऱ्या कुणाला कडीला हात लावू देत नाही, आणि उघडायच्या आधी आतून ओरडून विचारते, कोण आहे? मी स्वयंपाकघरात असेन. मी बाहेर येणार नाही, मिस्त्रींनाही येऊ देणार नाही. तिला तू काय उत्तर देतोस ते आम्ही दोघं आतून ऐकू, आणि मग आम्हीही तेच म्हणू.

तुझीच,
ताई