यंत्रात भरलेलं घर

गुडगाव, १२ सप्टेंबर २००४

तीर्थरूप बाबा,

गुडघा खरचटल्यामुळे साष्टांग जमत नाही, तेव्हा वाकूनच नमस्कार. काळजी नको, काट्यांतून गेले इतकंच.

मी हातात मावेल असं जीपीएसचं यंत्र घेतलंय. डोंगरात कुणीतरी डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं आणि आम्ही ऑफिसातले चौघं रविवारी तो शोधत अरवलीत हिंडतो. आज बाण दाखवेल तशी मी नाकासमोर चालत झुडपात शिरले. जन्मभर जमिनी मोजणाऱ्या माणसाची मुलगी, आणि सरळ रेषा कागदावरच असते हे विसरले. डबा मात्र सापडला. आतल्या वहीत तुमचंही नाव लिहिलं.

परतताना वाट कळेना. निधी म्हणाली, "यार, घर का बटन दबा ना." दाबलं, तर बाण दक्षिणेला वळला आणि अंतर आलं एक हजार अठ्ठावीस किलोमीटर. पहिल्या दिवशी यंत्राने घर विचारलं, तेव्हा मी आपलं संगमनेरचं भरलं होतं, तुम्ही फोनवर तोंडपाठ सांगितलेले आकडे घालून. सगळे हसले. शेवटी एका गुराख्याला विचारून खाली उतरलो.

आई म्हणाली, परवा बाजारातून येताना तुम्ही आपली गल्ली सोडून पुढे गेलात आणि तासभर सापडला नाहीत. विचारात असाल. डॉक्टरांकडे जाऊन आलात का? एकटे बाहेर पडू नका असं मी म्हणणार नाही, तुम्ही ऐकणारही नाही.

दिवाळीला येताना यंत्र तुमच्यासाठी आणते. एकच बटण दाबायचं आहे. त्यातलं घर मी बदललेलं नाही.

तुमची,
प्रणिता