माझ्या घराचा तिसरा हिस्सा

सिंदेवाही, २ मे २०२६

मतीन, तू घराचा विषय काढलास की मी फोन ठेवायचे आणि मग महिनोन्महिने गप्प राहायचे. त्या अबोल्याची आधी माफी मागते. हजला निघणाऱ्याने देणंघेणं मिटवून, माफी मागून, मृत्युपत्र लिहून निघायचं असतं. म्हणून हे लिहिते.

मी सफिया हबीब पठाण, वय ४६, अविवाहित, ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात परिचारिका. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दबाव नाही. हजला नंबर लागल्याच्या आनंदात अक्षर जरा हललं असेल, तेवढं चालवून घ्यावं.

१. दवाखान्यासमोरचं घर मी पगारातून बांधलं. शरियतप्रमाणे वारसाबाहेर एक तृतीयांशच देता येतं. तेवढ्यात समोरची खोली बसते. ती जंगलातल्या गावांहून येणाऱ्या गरोदर बायकांना, बाळंतपणाआधी राहायला. बाकी घर एकमेव वारस म्हणून भाऊ मतीनचं.

२. शिलाई मशीन दिव्यानी सिस्टरला. दर ईदला तिने माझी ड्यूटी केली, बुद्धजयंतीला मी तिची. कालसुद्धा.

३. "आधी ठरवा, नमाज की नोकरी," म्हणणाऱ्या जुन्या साहेबांना माफी. ती देताना अजून दात खाते, हेही नोंदवते. हातमोजे घालताना मी नियत करायचे: हे काम अल्लाहसाठी. कुणाला कळा चालू असल्या की नमाज राहायची, ती मी नंतर कजा पढले. बाईला कधी थांब म्हटलं नाही. यात श्रद्धा किती आणि मोठेपणाची हौस किती, ते अजून सांगता येत नाही.

इथवर लिहिलं आणि मतीन मूल गावाहून आला. वाचून भडकला.

"आपा, अपना घर है, धरमशाला नहीं!"

दवाखान्यातल्या आया केसरबाई दारातच होत्या. "मंग सिस्टर मक्केले गेल्यावर बायांनं कुठी झोपाव? तुमच्या डोक्यावर?"

तेवढ्यात समोरच्या खोलीत बाळंतपणासाठी येऊन राहिलेल्या सोमारीला कळा सुरू झाल्या. केसरबाईंनी आणि मी तिला धरलं. मतीन तिचं गाठोडं खांद्यावर टाकून पुढे धावला, हात दाखवून ट्रक थांबवले, आणि बाळ रडेपर्यंत दवाखान्याबाहेर उन्हात उभा राहिला.

मुलगी झाली.

घरी येऊन म्हणाला, "आपा, उस कमरे में पंखा कायकू नहीं? मैं लगाता. ला, सही कहाँ करनी?"

४. जिंकले! मी मरायची वाट पाहायला नको. वारसाच्या संमतीने खोली आजपासूनच बायकांची.

लिहून देणार: सफिया हबीब पठाण
वारसाची संमती: मतीन हबीब पठाण
साक्षीदार: केसरबाई गेडाम, दिव्यानी रामटेके

उद्या: केसरबाईंसाठी खोलीची दुसरी किल्ली करून घेणे.