संथ नदी कुठल्या चौकोनात

२० फेब्रुवारी २०१२, सोमवार

नाही म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही! कुरिमोतो साहेबांनी कागद पुढे सरकवला — "कुनिएदा, आपले अकराही खेळ या चार चौकोनांत बसवून दे. मार्चमधे बदल्यांची यादी लागायच्या आत." मी मान डोलावली. नंदीबैल कुठली!

चौकोन सोपे आहेत. बाजार वाढतोय आणि त्यात आपण पुढे — तारा. बाजार वाढतोय, आपण मागे — प्रश्नचिन्ह. बाजार थंड पण आपण पुढे — दुभती गाय. बाजारही थंड आणि आपणही मागे — कुत्रा. कुत्र्याला कंपनी पोसत नाही.

निघताना साहेब म्हणाले, "हे नीट केलंस तर फोनवरच्या नव्या खेळात एप्रिलपासून तुझी जागा धर." चार वर्षं नुसते तक्ते भरतेय. ओसाकाला मी खेळ बनवायला आले होते!

२२ फेब्रुवारी, बुधवार

दहा बसले. अकरावा 'संथ नदी'. संगणकावरचा मासेमारीचा खेळ. गळ टाकायचा आणि बसून राहायचं. खेळणारे बहुतेक निवृत्त लोक. बनवला तेराउची-साननी — मला या धंद्यात ज्यांनी बोट धरून आणलं ते. त्यांच्या हाताखाली पाच जण, पाचही कंत्राटी. पहिली तीन वर्षं मीही तिथेच होते. इतका कंटाळा यायचा की बदली मागून पळाले.

संगणकी खेळांच्या बाजारातला आपला हिस्सा भागिले सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा हिस्सा. उत्तर ०.०४. तीनदा केलं. बाजारही थंड. कुत्रा.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

गणित चुकलेलं नाही, हेच वाईट.

२७ फेब्रुवारी, सोमवार

साहेब म्हणाले, "बंद करू. तेराउचीचा संमतीचा शिक्का घेऊन ये. तुझं ऐकेल तो." आमच्याकडे बैठकीत कोणी काही ठरवत नाही, कागद आधीच टेबलाटेबलावरून शिक्के घेत फिरून येतो. ज्याचा खेळ मारायचा, त्याचाच शिक्का आणायचा — आणि तोही मीच!

दुपारी गेले. तेराउची-सान टेबलावरच उदोनच्या शेवया खात होते. कागद वाचला. "कुत्रा होय? बरंय की. इमानी तरी म्हणतील!" मला हसू येईना. मग हळूच म्हणाले, "पोरी, माझं सोड, मी साठीला टेकलो. ही पाच पोरं मार्चअखेर घरी बसतील गं. ओकाझेची मुलगी चार महिन्यांची आहे." आणि खिशातून शिक्का काढला. निमूट! मी कागद ओढूनच घेतला. "एक चूक राहिलीय, दुरुस्त करून आणते." कसली चूक? थाप मारली.

१ मार्च, गुरुवार

सापडलं! भागाकार बरोबर आहे, पण बाजार कोणी ठरवला? मीच ना! सगळे संगणकी खेळ एका कुंपणात कोंबले. कुंपण आवळलं, फक्त मासेमारीचे खेळ घेतले, तर पहिले आपण! दुसरा आपल्या निम्म्यावरसुद्धा नाही. २.१. बाजार वाढत नाही, म्हणजे गाय. दुभती गाय!

पण साहेबांना बंदच करायचाय. हे नेलं की माझी जागा गेलीच म्हणायची. इथे तरी खरं लिहावं — हे मला मंगळवारीच सुचलं होतं. दोन दिवस मूग गिळून बसले. शरम वाटते स्वतःची.

५ मार्च, सोमवार

नेलं. साहेबांनी विचारलं, "कुंपण का हलवलंस?" म्हटलं, "साहेब, नदीवर बसणारा म्हातारा तलवारीच्या खेळात जाणारच नाही. त्याचा बाजारच निराळा आहे." "हं. पटतंय," म्हणाले. पटलं! चक्क!

मग विचारलं, "या गाईला चारा किती लागेल?" मी हुरळलेली. "काहीच नाही साहेब! नवं काही करायचंच नाही. एक माणूस पुरे!"

त्यांनी ते लिहून घेतलं.

६ मार्च, मंगळवार

एक माणूस पुरे. जीभ झडली कशी नाही! मग बाकीच्यांचं काय? साहेबांना गाठलं. "यादी लागेल तेव्हा कळेल."

१४ मार्च, बुधवार

त्या पाच जणांनी मला दुधाच्या वड्यांची पेटी आणली. आज पुरुषांनी बायकांना गोड द्यायचा दिवस. ओकाझे म्हणाला, "आमच्या गाईच्या दुधाच्या आहेत हं!" सगळे खो खो हसले. यांना कोणी सांगायचं? चौघं घरी जातील, उरेल एक — आणि तेही माझ्या शब्दावर. एक वडी उचलली आणि परत पेटीत ठेवली. दिवसभर त्यांच्या मजल्यावर फिरकले नाही. पाणी प्यायलासुद्धा जिन्याने खाली जाते. कैद्यासारखं झालंय.

१६ मार्च, शुक्रवार

यादी लागली. पाचही जण नव्या खेळात! तेराउची-सान त्यांचे प्रमुख. साहेब म्हणाले, "गाय दूध देतेय, म्हणून नव्या खेळाला माणसं परवडली." जागा सहाच होत्या. सहाही भरल्या.

'संथ नदी' — एक माणूस. कुनिएदा.

तेराउची-सान धावत आले. डोळे भरलेले. "साहेबांनी विचारलं, सांभाळेल कोण? म्हटलं, तिच्याएवढी माया दुसऱ्या कोणाची आहे!"

मी वाकून त्यांचे आभार मानले.