शेवटी कोण?

मंगळवार, ११ मार्च
आजपासून नवी वही. विषय: लोक चारचौघांत उद्धटपणे का वागतात. सत्तावीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेल्या माणसाने हे लिहायचं नाही तर कोणी? शिवाय रोज बेकरीत जायचंच आहे. शनिवारी नात यादिरा पंधरा वर्षांची होते. आपल्या क्यूबात पोरीचं लग्न एक वेळ साधेपणाने उरकतील, पंधरावा वाढदिवस नाही. केकचं काम मी अंगावर घेतलंय. बायको नेरेइदा म्हणाली, मी आणते, तुम्हाला रांगेत जमत नाही. हसलो. डाव्या हातचा मळ.

बुधवार, १२ मार्च
केक नाही. सरकारी बेकरी, दिवसाला दहाच केक, आणि बाहेर ही गर्दी. ओळीत कोणी उभं राहत नाही. पायरीवर, झाडाखाली, कुठेही बसतात. येणारा ओरडतो, "शेवटी कोण?" जो शेवटचा असेल तो "मी" म्हणतो. झालं, त्याच्यामागे नंबर लागला. मासळीबाजार! ज्या आवाजाने देशाला वादळाच्या सूचना दिल्या, त्या आवाजाने मी हे ओरडू? भिंतीपाशी ताठ उभा राहिलो. या लोकांच्या तोंडाकडे मी बघतसुद्धा नाही. दार उघडलं तसे सगळे माझ्यासमोरून आत. मिग्दालिया म्हणून एक जाडजूड बाई आहे. म्हणाली, आजोबा, तुम्ही रांगेत आहात की भिंतीला टेकू दिलाय? सगळे फिदीफिदी हसले.
उद्धटपणाचं कारण: ऊन.

गुरुवार, १३ मार्च, सकाळी ६
पहिला नंबर! दारात मी एकटा. याला म्हणतात शिस्त.

गुरुवार, दुपारी
केक नाही. सव्वासहाला मिग्दालिया आली. शेवटी कोण, म्हणाली. मी पहिला, मला काय विचारते? गप्प राहिलो. तिने इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच पहिली झाली. तिच्यामागे चाळीस जण लागले. मी म्हणालो, मी सहापासून उभा आहे. ती म्हणाली, मग विचारलं तेव्हा तोंडाला कुलूप होतं का?
सकाळी ऊन नव्हतं. नवं कारण: संस्कार.
यादिराने विचारलं, आजोबा, गुलाबी मिळेल ना? म्हटलं, आलाच समज. नेरेइदा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

शुक्रवार, १४ मार्च
केक नाही. या जनावरांना सुधारायचं ठरवलं. पायरीवर चढून, खास रेडिओचा आवाज लावून, सौजन्यावर दहा मिनिटं बोललो. मधेच लोक येऊन शेवटी कोण, शेवटी कोण! माझ्या आवाजापुढे कोणाला काही ऐकू येईना, नंबर गडबडले, मारामारी व्हायचीच बाकी होती. मिग्दालिया म्हणाली, याची बॅटरी कुठून काढतात? मी तिला मूर्ख म्हणालो. तिच्यासोबत आलेल्या बहिणीला अडाणी. दोघींना हे उद्धट वाटलं. कमाल आहे.
कारण: माणसाला स्वतःचं वागणं दिसत नाही. (उत्तम जमलंय. अधोरेखित.)

शनिवार, १५ मार्च, सकाळी १०
चौकातल्या बाकावर बसून लिहितोय. घरी जायला पाय उचलत नाही.
नातीसाठी मान बाजूला ठेवला. सहाला गेलो. दहाएक माणसं होती. घसा साफ केला आणि विचारलं: शेवटी कोण? स्वच्छ उच्चार. समोरच्या भिंतीवर आवाज घुमला.
कोणी उत्तर दिलं नाही.
पुन्हा विचारलं. डोक्याला रुमाल गुंडाळलेली एक पोर होती, तिने तर पाठच फिरवली. आजची पिढी! मिग्दालिया आज हसली नाही, त्या पोरीकडेच बघत होती. दहा केक गेले. आता यादिराला काय सांगू?

शनिवार, दुपारी
टेबलावर केक. गुलाबी. शेजारी यादिरा, रुमाल सोडून केसांतले रोलर काढत होती. आजीने पहाटे उठवून पाठवलं, म्हणाली. दहावा केक तिला मिळाला.
मी विचारलं, मग मी आलो तेव्हा शेवटी कोण होतं?
म्हणाली, मी.
मग बोलली का नाहीस?
ती रोलर काढत राहिली. मग म्हणाली, तुम्ही यायच्या आधी सगळे तुमची नक्कल करत होते, आजोबा. मीपण हसले. "मी" म्हटलं असतं तर तुम्ही हाक मारली असती, आणि सगळ्यांना कळलं असतं तुम्ही माझे कोण ते.
पाहुण्यांसमोर पहिला तुकडा तिने मलाच दिला.
वहीत आजचं कारण लिहिलेलं नाही. मी तिला थँक्यूही म्हणालो नाही, हे आत्ता लक्षात आलं.