बुरशीचा रिपोर्ट

गुरुवार, संध्याकाळ

सुटले एकदाची! इथे अमेरिकेत, स्वतःचं सरकार असलेल्या एका आदिवासी राष्ट्राच्या लॅबमध्ये मी दुकानांत कायदेशीर विकला जाणारा गांजा तपासते. परवा एका दुकानाच्या मालात बुरशी सापडली. दुकान कोणाचं? तर परवाने देणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या सख्ख्या भावाचं! मंडळ त्या राष्ट्राच्याच लोकांनी निवडलेलं, मी बाहेरची. रिपोर्ट दाबला तर? नोकरी गेली तर व्हिसाचं काय? दोन दिवस नुसती धाकधूक.

आज मंडळाच्या भर सभेत तो भाऊ म्हणाला, "मशीन चुकलं असेल." मी बुरशीचा फोटो पुढे केला. अध्यक्षबाईंनी तो हातात घेऊन चष्मा लावून पाहिला.

"आपली म्हातारी माणसं हे दुखण्यावर घेतात," त्या म्हणाल्या. "दुकान बंद."

मंडळातल्या सगळ्यांनी हात वर केले. शेवटी, मत नसताना, भावानंही.

बाहेर तोच माझ्याजवळ आला. "गोदामातला बाकीचा माल तपासाल?"

म्हटलं, "उद्या आठला घेऊन या."