हरणी थांबली तिथं

मळा, कन्नड
२० फेब्रुवारी २०२५

सौ. रत्नमालावन्संना आवडाबाईचा स. न. वि. वि.

इथं सगळे खुशाल. फोनच करणार होते, पण आमच्या घरात फोन माझा अन् कान सगळ्यांचे, म्हणून पत्र. तुमच्या भावाचं वर्षश्राद्ध उरकलं अन् आमच्या लेकानं, राजकुमारनं, लगेच हरणी विकायला काढली. हर्सूलचा वरातीवाला पाडव्यानंतर न्यायला येतोय. म्हणजे आपली घोडी आता डोक्यावर तुरा लावून डीजेपुढं नाचणार. तुमच्या भावानं ऐकलं असतं तर सरणावरून उठून बसले असते.

तिचं शेण मी काढलं, चारा मी टाकला, पाठीवर मात्र कायम ते. माझ्या मनात आहे, ती जायच्या आधी एक दिवस तिच्यावर बसून दरीतून जाऊन यावं. दर बेस्तरवारी ते दरीपल्याडचं रान बघायला जायचे. त्या रानात दगड अन् बोरी सोडून काय नाय, तर बघत काय होते देव जाणे. अन् घरी आले की अंगातला सदरा स्वतः धुवायचे. ज्या माणसानं जन्मात पाण्याचा तांब्या उचलला नाय तो सदरा धुतो, याचं काय समजायचं? गावात लोक गालात हसायचे. त्यांना विचारायचं राहिलं, आता घोडीला विचारते. लगाम ढिला सोडायचा, नेईल तिथं जायचं.

तयारी काय करू, कळवा. राजकुमारला खरं कारण सांगू नका. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

आवडाबाई

पडेगाव
२५ फेब्रुवारी २०२५

ती. आवडावहिनींना रत्नमालाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी एकटीच हसत होते. सुनेला, मोनालीला वाटलं, सासूबाईंचं डोकं फिरलं. बासष्टाव्या वर्षी तुम्हाला घोडा सुचतो आणि मला गुडघ्याचं तेल.

आता नीट ऐका. ऊन चढायच्या आत निघा. दरीत सावली नाही, नदीचं पात्र आत्ताच कोरडं ठणठणीत असेल, कडे तापले की भट्टी होते. पाणी भरपूर न्या, हरणीसाठीही. राजकुमारची ट्रॅकपँट साडीखाली घाला, लाजू नका. ओट्यावरून चढा. खोगिराचा पट्टा निघताना पुन्हा एकदा आवळा, घोडी पोट फुगवून फसवते. हे मला दादानंच शिकवलं होतं, म्हणजे फसवण्यातलं त्याला कळत होतं.

दादा देवमाणूस होता असं मी म्हणणार नाही. देवांच्याही भानगडी आपण कीर्तनात ऐकल्यात. पण पलीकडे कुणी बाई निघालीच, तर तुम्ही भांडू नका. नाव विचारा आणि परत या. भांडायला मी येईन, तीस वर्षं शाळेत तेच केलंय.

जपून जा. या धाकटीवर माया आहे तशी राहू द्या.

आपली
रत्नमाला

मळा, कन्नड
८ मार्च २०२५

सौ. रत्नमालावन्संना आवडाबाईचा स. न. वि. वि.

मी धड आहे. बसता येत नाय, म्हणून हे उभ्यानं लिहितेय.

राजकुमार एकटं सोडेना. पोट सावरत मागं मागं चालत आला, वाटभर कुरकुरला. दरीत पळस लई फुललाय, बाकी सगळा धोंडा. मी लगाम सोडला होता. आपल्या रानाकडं वाट फुटते तिथं हरणीनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाय. सरळ पल्याडच्या फाट्यावर गेली अन् एका पत्र्याच्या हॉटेलापुढं थांबली. आतून एक बाई धावत आली, तिनं हरणीच्या तोंडाला गूळ लावला अन् मालक वर्षभर दिसले नाहीत, कुठं आहेत म्हणून विचारलं. राजकुमारचं तोंड उतरलं. मी वरूनच नाव विचारलं. कडूबाई म्हणाली. मालक वारले सांगितल्यावर ती मटकन बाकड्यावर बसली.

वन्सं, आत कढईत जिलब्या होत्या. तुमचे भाऊ दर बेस्तरवारी येऊन पाव किलो जिलबी खायचे, अन् पाक सदऱ्यावर सांडायचे.

नऊ वर्षं गुळाच्या डब्याची किल्ली माझ्या कमरेला. शेवटच्या सकाळी त्यांनी चमचाभर शिरा मागितला, मी शुगरचं नाव सांगून दिला नाय. दुपारी गेले. वर्षभर मी तो शिरा मनात घोळवतेय, कुणाला बोलले नाय. अन् हे गृहस्थ आदल्याच बेस्तरवारी इथं दुसऱ्यांदा वाढून घेत होते. मला हसू फुटलं, थांबेना. राजकुमार म्हणाला, आई, लोक बघतायत.

कडूबाईनं एक सांगितलं. ते म्हणायचे, घरी कळू देऊ नका, माझ्यापायी तिनंही गोड सोडलंय. मला वाटायचं, त्यांच्या ध्यानातच आलं नाय.

मी एक बशी मागितली. मग आणखी एक. रात्री वर्षात पहिल्यांदा झोप लागली. वरातीवाल्याला राजकुमारनंच नाय म्हणून कळवलं, म्हणाला, आता आईच घोडीवर बसते.

तब्येत सांभाळा. आमच्यावरची माया जिलबीसारखी ओली ठेवा.

आवडाबाई

पडेगाव
१४ मार्च २०२५

ती. आवडावहिनींना रत्नमालाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा हसले, एकदा रडले. तुम्ही शिरा दिला असतात तरी दादा दुपारी गेलाच असता. फक्त तोंड गोड करून.

बाकी एक चौकशी केली. त्या फाट्यावर एसटी थांबते. दादाला घोडी लागली, कारण कंडक्टर तुमच्या शेजारच्या मळ्यातला. मला ती अडचण नाही. येत्या गुरुवारी, म्हणजे दादाच्याच बेस्तरवारी, सकाळच्या गाडीनं येते, तुम्ही हरणीवरून या. माझीही शुगर वाढलीय आणि मोनालीनं डबे माळ्यावर ठेवलेत. मी तुमच्या गुडघ्यांची विचारपूस करायला निघालेय, असं तिला सांगितलंय. तिचा फोन आला तर कण्हून बोला.

आपली
रत्नमाला